मान हलतेय की कंबर? मोठ्या क्रूझरच्या वॉबलचं निदान

"अरे, सातारा सोडलं आणि गाडी नाचायलाच लागली." मित्राचा फोन, रविवारी सकाळी साडेनऊला, उंब्रजच्या अलीकडच्या कुठल्यातरी पंपावरून. गाडी म्हणजे ३०० किलोच्या वरची क्रूझर बाईक (कंपनीचं नाव घेत नाही, तिचा यात काही दोष नव्हता), दोन्ही बाजूंना पेट्या, मागे टॉप बॉक्स, त्यात कोल्हापूरला बहिणीकडे न्यायचं सगळं सामान, आणि मागच्या सीटवर वहिनी. १०० पर्यंत गाडी लोण्यासारखी, १०५ च्या पुढे काटा गेला की हेलकावे सुरू. बाईकला तिथे मर्यादा ८० ची आहे हे त्यालाही माहितीये आणि मलाही, त्यावरून जे बोलायचं ते वहिनी आधीच बोलून झाल्या होत्या.

पुढचं वाक्य त्याचं असं, "हँडल वॉबल होतंय, मी स्टिअरिंग डँपर मागवतोय बाहेरून." (डँपर म्हणजे हँडलची थरथर दाबणारा छोटासा शॉक.) मी म्हटलं थांब जरा. एकच सांग, हलत काय होतं, हातातलं हँडल की बुडाखालची सीट? पलीकडे शांतता. मग म्हणाला, "सीट रे. म्हणजे हँडलही हलत होतं, पण सगळी गाडीच वळवळत होती."

इथेच अर्धं निदान झालं. आणि डँपर बसवला असता तर त्याची गाडी बहुतेक आणखी बिघडली असती, ते कसं हे सांगायलाच हा सगळा लेख.

आपण गाडी हलली की सरसकट वॉबल म्हणतो. खरं तर ही दोन वेगळी दुखणी आहेत. एकात गाडी मान हलवते, म्हणजे पुढचं चाक, शॉकअप आणि हँडल एवढाच भाग डावीकडे उजवीकडे थरथरतो, बाकी गाडी साधारण सरळच चाललेली असते. हा खरा वॉबल. दुसऱ्यात गाडी कंबर हलवते, मागचा भाग एका बाजूला जातो, गाडी थोडी कलते, मग दुसऱ्या बाजूला, आणि हँडल त्याच्या मागोमाग फिरतं. याला वीव्ह म्हणतात, साप चालतो तसं. ओळखायची सोपी खूण म्हणजे मोजून बघा. वॉबल सेकंदाला सात, आठ, नऊ वेळा होतो, मोजताच येत नाही, हातात नुसती थरथर जाणवते. वीव्ह सेकंदाला दोन ते चार वेळा, मनात एक-दोन, एक-दोन म्हणता येतं. अर्थात त्या क्षणी कोण मोजत बसणार, पण नंतर शांत बसून आठवलं की बहुतेकांना सांगता येतं.

१९७१ मध्ये रॉबिन शार्प या ब्रिटिश संशोधकाने मोटरसायकल सरळ रेषेत चालताना कशी अस्थिर होऊ शकते याचं गणित मांडलं, त्यात तिच्या तीन सवयी सापडल्या. कॅपसाइझ म्हणजे हळूहळू एका बाजूला पडत जाणं, ही रायडर नकळत सांभाळतो, ती सोडा. उरलेल्या दोन म्हणजे वॉबल आणि वीव्ह. त्याच गणितातून आणखी एक गोष्ट निघाली जी मला वाटतं प्रत्येक क्रूझरवाल्याने पाठ करावी, स्टिअरिंग डँपरने वॉबल आवरतो पण जास्त स्पीडला वीव्ह उलट वाढू शकतो. म्हणजे दुखणं कंबरेचं आणि आपण मानेला पट्टा बांधला तर कंबर आणखी मोकळी सुटते.

मुळात चाक हलतं कशामुळे? घरातली सिलेंडरची ट्रॉली आठवा, ती छोटी छोटी चाकं असलेली. ती ओढत नेताना एखादं चाक अचानक फडफडायला लागतं, डावी-उजवी-डावी-उजवी. त्या चाकाचा दांडा पुढे आणि जमिनीला टेकायची जागा मागे असते, त्यामुळे ते आपोआप सरळ व्हायचा प्रयत्न करतं. बाईकच्या पुढच्या चाकाचंही तेच, स्टिअरिंगची तिरपी रेघ जमिनीला जिथे मिळते त्याच्या थोडं मागे टायर टेकतो, या अंतराला ट्रेल म्हणतात, आणि याच्यामुळेच गाडी सरळ चालते. पण टायर रबराचा, हवेने भरलेला, तो आधी बाजूला वाकतो आणि मग जोर लावतो. म्हणजे चाकाला सरळ करणारा जोर जरासा उशिरा पोचतो, तोवर चाक मधल्या रेषेच्या पलीकडे गेलेलं असतं, मग परत उलटा जोर, तोही उशिरा. कोकणातल्या पडवीतला झोपाळा जसा दर खेपेला पायाने एवढासा रेटा दिला तरी वर वर जात राहतो ना, तसंच. झोपाळा थांबतो तो कड्यांच्या घर्षणाने आणि हवेने. बाईकमध्ये हे थांबवायचं काम टायर, कोनसेट (स्टिअरिंगची बेअरिंग), शॉकअप, चिमट्याचे बुश (चिमटा म्हणजे मागचा स्विंगआर्म, गॅरेजात याच नावाने ओळखतात) आणि रायडरचे हात मिळून करतात. यातलं एक ढिलं झालं तर बाकीचे सांभाळून घेतात, तीन ढिले झाले की गाडी नाचते. म्हणून "माझ्या गाडीच्या वॉबलचं कारण काय" याला बऱ्याचदा एका शब्दात उत्तर नसतं.

आता एक छोटा हिशोब, मला हा फार आवडतो. क्रूझरच्या पुढच्या चाकाचा घेर साधारण २ मीटर, १३०/९० चा १६ इंची टायर घेतला तर बरोबर तेवढाच येतो. ६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर जाते, म्हणजे चाक सेकंदाला आठ-सव्वाआठ फेऱ्या मारतं. आणि वॉबलचा ताल किती? सात ते नऊ. जुळलं ना! म्हणून चाक आऊट, म्हणजे वाकडं फिरत असेल, बॅलन्सिंगचं वजन निघून पडलं असेल, टायर रिमवर नीट बसला नसेल, तर दर फेरीला बसणारा तो छोटासा धक्का ६०-७० च्या आसपास झोपाळ्याला अगदी योग्य वेळी रेटा देतो. ऍक्सिलेटर सोडून गाडी हळू होत असताना, हात हँडलवर सैल असताना जी थरथर येते ती बहुतेक वेळा हीच. होंडाच्या गोल्डविंगचं, म्हणजे २००१ पासूनच्या जीएल १८०० चं हे प्रसिद्ध प्रकरण, हात सोडून स्पीड उतरू दिला की हँडल हलतं, अमेरिकेतल्या कित्येक मालकांनी त्यासाठी स्टिअरिंगला टेपर रोलर बेअरिंग टाकून घेतली. (२०१८ च्या गोल्डविंगला तर पुढचे नेहमीचे शॉकअपच काढून डबल विशबोन दिलं, गोष्टच वेगळी झाली.)

हाच हिशोब ११० ला करा. चाक सेकंदाला पंधरा फेऱ्या, वॉबलच्या तालाच्या कितीतरी पुढे. म्हणजे १०० च्या वर सुरू होणाऱ्या आणि मोजता येणाऱ्या हेलकाव्यांना पुढच्या चाकाचं बॅलन्सिंग सहसा जबाबदार नसतं, तिथे मागे बघायचं. वीव्ह असतोच असा, स्पीड वाढत गेला की गाडीची तो दाबायची ताकद कमी कमी होत जाते, आणि एका ठिकाणी संपते. तुमच्या गाडीत ते ठिकाण १८० ला असेल तर तुम्हाला आयुष्यात कळणार नाही, १०५ ला आलं की फोन करता.

मित्र कोल्हापूरला ८० ने गेला, ८० ने आला, आणि पुढच्या शनिवारी गाडी माझ्या पार्किंगमध्ये. मी एकच अट घातली, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सगळं एकदम केलं तर गाडी बरी होते पण कशाने ते कळत नाही, आणि सहा महिन्यांनी परत तेच.

सुरुवात फुकटच्या गोष्टीपासून, हवा. सकाळी, गाडी थंड असताना, स्वतःच्या गेजने. मागे किती असावी? स्टिकरवर लिहिलेलं होतं, दोघं आणि सामान असताना ४० पीएसआय. निघाली २७. पंपावरचा माणूस सगळ्यांना विचारतो तसं "किती भरू" विचारतो, आपण सवयीने "तीस" म्हणतो, आणि येता येता थोडी कमी होते, झालं. कमी हवेचा टायर बाजूला जास्त वाकतो, म्हणजे तो उशीर आणखी वाढतो. हवा भरली, त्याच सामानासकट मोकळ्या रस्त्यावर चक्कर मारून आला, हेलकावे आता ११५ च्या आसपास जाणवायला लागले, आणि त्याने तिथेच ऍक्सिलेटर सोडला. म्हणजे हवेचा वाटा होता, पण तेवढाच नव्हता. इथे त्याने डँपरचा विषय परत काढला.

मग सामान. टॉप बॉक्स मागच्या एक्सेलच्याही मागे असतो, तिथे ठेवलेला प्रत्येक किलो मागचं वजन वाढवतो आणि पुढचं चाक हलकं करतो, सी-सॉच्या फळीवर मागच्या टोकाला बसल्यासारखं. त्याच्या बॉक्समध्ये १४ किलो निघाले, त्यात एक टूलकिट, दोन लिटर इंजिन ऑइल आणि गेल्या ट्रिपचे बूट. ते जड सामान बाजूच्या पेट्यांमध्ये खाली गेलं, आणि मागच्या शॉकची प्रीलोड (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ती सेटिंग), जी शोरूममधून आली तशीच सगळ्यात नरम होती, ती दोघांच्या वजनाप्रमाणे वाढवली. मागून गाडी बसलेली असली की पुढचे शॉकअप आणखी तिरपे होतात, पुढचं चाक हलकं होतं, आणि नेमकं तेच आपल्याला नको असतं. यानंतर ट्रक ओलांडताना वाऱ्याच्या झोताने गाडी जी उगाच हेलपाटायची ते थांबलं. उंच विंडस्क्रीन, लांब उंच हँडल यांचाही असाच त्रास होतो, वारा थेट हँडलला हलवतो, किंवा वाऱ्याने मागे रेटलेला रायडर हँडलला लोंबकळतो आणि त्याच्याच हातातून धक्के खाली जातात. फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारं पुढचं कवच, कुठे लावलंय तेही बघा, हार्लेच्या स्ट्रीट ग्लाइडचं फेअरिंग शॉकअपबरोबर फिरतं, रोड ग्लाइडचं फ्रेमला पक्कं असतं, दोघींना वारा वेगळा लागतो.

टायरला नुसतं बघू नका, हात लावा. पुढच्या टायरवरून तळवा फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने नारळ खवणीसारख्या कडा लागल्या तर तो कपिंग झालेला टायर, तो गुणगुणतोही. मागच्या टायरचा मध्य हायवेवर घासून सपाट झालेला असेल, गोल ऐवजी चौकोनी, तरी गाडी रस्त्यातल्या पट्ट्यांवर सरकते. आणि वय बघा, बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी जुन्या टायरचं रबर कडक झालेलं असतं. मित्राचा पुढचा टायर कप झालेला होता, मागचा ठीक.

आता कोनसेट, म्हणजे स्टिअरिंगची वरची खालची बेअरिंग. यावर सगळ्यात जास्त चुकीची कामं होतात म्हणून जरा थांबून सांगतो. इंजिनखाली जॅक लावून पुढचं चाक हवेत घ्या, गाडी पडणार नाही याची खात्री करून, एक माणूस मागे धरायला. शॉकअपची खालची टोकं दोन्ही हातांनी धरून पुढेमागे ओढा, वर बेअरिंगपाशी दुसऱ्याचं बोट असू द्या. टक् असं बोटाला लागलं तर ढिलं आहे, ब्रेक मारतानाही हे टक् ऐकू येतं. मग हँडल दोन बोटांनी अगदी हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. बरोबर मध्यावर, गाडी सरळ जाते त्या जागी, हँडल एखाद्या खाचेत बसल्यासारखं अडकलं तर बेअरिंग गेली, गोळ्यांनी किंवा रोलरनी त्या एकाच जागी खड्डे पाडलेत, ती घट्ट करून बरी होत नाही, बदलावीच लागते. तिसरं म्हणजे हँडल मध्यावर ठेवून एका बोटाने जरासं ढकला आणि सोडा, ते स्वतःच्या वजनाने बाजूला पडायला हवं. धाडकन जाऊन आपटलं तर ढिलं, मध्येच थांबलं तर घट्ट. केबल आणि वायरिंगची ओढ नाही ना तेवढं बघायचं. नक्की किती पडायला हवं हे प्रत्येक गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं, तेच धरा, ओळखीच्या मेकॅनिकचा अंदाज नको. कारण अंदाजाने काय होतं की "हँडल हलतंय" म्हटलं की तो पाना लावून आवळतो, आणि आवळलेल्या कोनसेटने गाडी हळू स्पीडला इकडेतिकडे भटकायला लागते, सरळ ठेवायला सतत हात मारावे लागतात. मित्राचं नेमकं हेच झालेलं होतं, मागच्या सर्व्हिसला कुणीतरी आवळून ठेवलेलं. तो म्हणायचा, "गाडी जडच आहे रे, ट्रॅफिकमध्ये हात दुखतात." गाडी जड नव्हती. ढिलं करून बरोबर लावलं तर हँडल असं पडलं की तो म्हणाला, "हे काय, मोडलं का?"

पण हेलकावे मागचे, ते अजून होतेच. म्हणून मागे. मागचं चाक हवेत घेतलं, त्याने टायर वर आणि खाली धरून डावी-उजवी रेटला, चाकाची बेअरिंग ठीक होती. मग चिमट्याचं मागचं टोक धरून आडवं रेटायला सांगितलं आणि मी चिमटा फ्रेमला जिथे जोडलाय त्या फटीवर बोट ठेवलं. डोळ्याला काहीही दिसत नव्हतं. बोटाला मात्र दर वेळी कट्, अगदी केसाएवढं. हेच केसाएवढं अंतर चाकापाशी जाईपर्यंत मिलिमीटरमध्ये जातं, चिमटा लांब असतो ना. बुश झिजलेले, ५२,००० किमी झालेली गाडी, पावसाळ्यातल्या पाण्याने आत गंजही धरलेला. बुश बदलले, एक्सेलची दोन्ही बाजूंची खूण बरोबर लावली (पट्टा किंवा चेन ताणताना एक बाजू पुढे मागे राहून चाक तिरपं बसणं हे फार कॉमन आहे, खुणांवर विश्वास नसेल तर चिमट्याच्या पिव्हटपासून एक्सेलपर्यंत दोन्हीकडे मोजा), आणि टॉर्क रेंचने कसलं.

इथे हार्लेच्या टुरिंग गाड्यांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण त्यांचा हिशोबच निराळा. १९८० च्या टुर ग्लाइडपासून इंजिन रबरावर बसवलं, थरथर रायडरपर्यंत पोचू नये म्हणून, आणि चिमटा बसवला गिअरबॉक्सला. म्हणजे मागचं चाक चिमट्याला, चिमटा गिअरबॉक्सला, गिअरबॉक्स इंजिनला, आणि हे सगळं मिळून रबराच्या आधारावर फ्रेममध्ये. रबर मऊ पडलं किंवा फाटलं, किंवा इंजिनला आडवं हलू न देणाऱ्या छोट्या दांड्यांचे जोड झिजले, की पुढचं चाक एकीकडे बघतं आणि मागचं दुसरीकडे. २००९ ला त्यांनी टुरिंगची फ्रेमच नवी केली. तुमच्याकडे त्याआधीची असेल आणि लांब वळणावर मागचा भाग बिजागरीसारखा वाटत असेल तर टायर तपासून झाल्यावर थेट ही रबरं आणि हे जोड बघा, कोनसेटच्या मागे लागू नका.

गाडी चालवताना सुरू झालं तर काय करायचं हेही सांगतो. ऍक्सिलेटर हळूहळू सोडा, एकदम नाही, पुढचा ब्रेक करकचून मारू नका. हँडल पकडायचं पण कुस्ती खेळायची नाही, ताठ हातांनी धरलं की तुमचं शरीरही त्या झोपाळ्यात सामील होतं. छाती पुढे घ्या, टाकीकडे. सगळीकडे लिहिलेलं असतं की गुडघ्यांनी टाकी आवळा, क्रूझरवर पाय तिकडे लांब पुढे असतात तर गुडघे कुठून आणणार, तेव्हा निदान पुढे झुकून पुढच्या चाकावर वजन द्या. आणि हात सोडून बघायचा प्रयोग रस्त्यावर करू नका, सैल धरलं तरी थरथर कळते.

डँपर वाईट नाही हं. सगळं तपासून झालं, टायर नवे, कोनसेट बरोबर, बुश बरोबर, आणि तरी खड्ड्यातून गेल्यावर हँडल थरथरतं, म्हणजे खरोखर मानेचंच दुखणं आहे, तर लावा. पहिला उपाय म्हणून लावला की तो खालची बिघाडं झाकतो, आणि ती वाढतच राहतात.

मित्राने नंतर तोच रस्ता, तेच सामान (बूट सोडून), वहिनी मागे, असं सगळं करून बघितलं. परतल्यावर मी विचारलं कसं झालं, तर म्हणाला, "९० नेच गेलो रे, तिने वर जाऊच दिलं नाही." मग एकटा जाऊन आला, तेव्हा पूर्वी जिथे गाडी नाचायची तिथे काही नाही. पुढचा टायर अजून गुणगुणतो आणि ६५ ला उतरताना हँडलमध्ये हलकीशी थरथर येते, ती त्या कपिंगची, दिवाळीच्या आधी टायर बदलायचा ठरलाय.